विमलबाई बसत नाहीत

विमल भालकीकर या बाईंशी माझं कधी पटलं नाही, आणि सगळी नोकरी मी त्यांच्याच शेजारी बसून डबा खाल्ला. स्टाफरूममध्ये खिडकीपाशी दोनच जागा बऱ्या होत्या. एक त्यांनी धरून ठेवलेली, दुसरी माझ्या नशिबाला आलेली. त्यांचे गुडघे चाळिशीच्या आधीच कुरकुरायला लागले होते, त्यामुळे बाईंभोवती कायम निरगुडीच्या तेलाचा वास असायचा. त्या वासात वांग्याची भाजी खायची मला इतकी सवय झाली की आता घरी ती केली तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

आमची शाळा हैदराबादेत, कोठीच्या मागच्या अंगाला, ज्ञानतरंगिणी नावाची. निजामाच्या राज्यात मराठी मुलांना मराठीत शिकता यावं म्हणून आबासाहेब वकिलांनी ती काढली, आणि त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव केशवराव, तेही वकीलच, ती चालवत होते. विमलबाई तिथे मराठी शिकवायच्या, मी गणित. पण बाईंची खरी ओळख निराळी. शिक्षक संघटनेच्या त्या आमच्या शाळेतल्या प्रतिनिधी होत्या. पगार, रजा, तास, बसायउठायची सोय, यातलं काही बिनसलं की सगळ्यांच्या वतीने केशवरावांच्या खोलीत जाऊन बोलायचं, हे त्यांचं काम. प्रतिनिधीची निवड दोन वर्षांनी व्हायची आणि दर वेळी त्याच निवडून यायच्या, कारण दुसऱ्या कुणाचं नावच यायचं नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला एक माणूस मिळालं की बाकीचे उंदीर निवांत असतात.

त्यांनी मिळवलेली पहिली गोष्ट म्हणजे कडी. शिक्षिकांच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरून ठेवायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची पद्धत. पुरुष मास्तर महागाई भत्त्यावर तासतास भाषणं ठोकायचे, पण कडीचं नाव काढायची सगळ्यांना लाज वाटायची. विमलबाईंना वाटली नाही. केशवरावांसमोर बसून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वकीलसाहेब, पगाराचं सरकार बघून घेईल. कडीचं तुम्ही बघा." वकीलसाहेब कानापर्यंत लाल झाले. पुढच्याच आठवड्यात कडी लागली, चांगली पितळी.

बोलणी करायला जाण्याआधी बाई पोटभर जेवायच्या. त्या दिवशी दहीभातही सोडायच्या नाहीत. "उपाशी माणूस लवकर तह करतो," असं त्यांचं म्हणणं. आणि दर वेळी मला बरोबर न्यायच्या. मी तोंड उघडायचं नाही, नुसतं साक्षीला असायचं. "तू चेहरा पाडून उभी राहा म्हणजे झालं," त्या म्हणायच्या, "तसा तो पडलेलाच असतो म्हणा." आता सांगा, अशा बाईशी कुणाचं पटणार होतं?

पुढे देशाने दारं उघडली म्हणतात. आमच्या गल्लीत ती उघडलेली दारं केबलच्या तारा आणि इंग्रजी शाळांच्या पाट्या होऊन आली. आबिड्सला ज्या दुकानात आम्ही पोरांच्या वह्या घ्यायचो तिथे कॉम्प्युटरचा क्लास निघाला. मराठी घरांतली मुलं इंग्रजी शाळेत जाऊ लागली. ती घरात मराठी बोलायची, पण गावाहून आजीचं पत्र आलं की वाचून दाखवायला बापाला हाक मारायची. आमचे वर्ग रोडावले. एखादा शिक्षक रिटायर झाला की त्याची जागा भरली जाईना. शाळा आता बंदच पडणार असं आम्ही डबा खाताना रोज बोलायचो, आणि रोज जेवण व्यवस्थित व्हायचं.

तेव्हा केशवरावांचा मुलगा केदार पुढे झाला. पोरगा हुशार, बाहेर जाऊन व्यवस्थापन शिकून आलेला, आणि बोलताना हात पसरणारा. त्याने वरच्या मजल्यावर इंग्रजी शाळा काढली. खाली आम्ही अनुदानित, म्हणजे पगार सरकारचा आणि पाठीशी संघटना. वरच्या पोरींचा पगार केदारच्या मर्जीचा आणि पाठीशी नुसती भिंत. त्यांना जूनमध्ये नेमायचं, एप्रिलमध्ये घरी पाठवायचं, पुन्हा जूनमध्ये बोलावलं तर नशीब. मधेच कुणी सोडलं तर परत घ्यायचं नाही. संघटनेत जाणार नाही, असं नेमणुकीच्या वेळीच लिहून घेतलेलं. त्यांना स्टाफरूमही नव्हती. होती ती खोली कॉम्प्युटरला दिलेली, आणि कॉम्प्युटरला उकडू नये म्हणून तिथे थंड हवेचं यंत्रही बसवलेलं.

एका वर्षी दसऱ्याच्या सुट्टीनंतर आलो तर वरच्या वर्गांतल्या शिक्षकांच्या खुर्च्या गायब. केदार कुठलीशी नवी चकचकीत शाळा बघून आला होता. तिथे म्हणे वर्गात शिक्षकाला खुर्चीच ठेवत नाहीत. शिक्षक उभा राहिला की वर्ग जागा राहतो, आणि फी भरणाऱ्या पालकाला खिडकीतून बघून बरं वाटतं. आमच्या वरच्या खुर्च्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवल्या गेल्या. पोरी मुलांच्या बाकावर क्षणभर टेकल्या तरी केदार व्हरांड्यातून बघत उभा असायचा. खालच्या मजल्यावरच्या एकाही खुर्चीला त्याने हात लावला नाही. तेवढा तो शहाणा होता.

दिवाळीनंतर एकदा मधल्या सुट्टीत विमलबाई जिना चढत होत्या. त्या आडव्या चढायच्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. वळणावर एक शिक्षिका पायरीवर बसलेली होती. भाग्यलक्ष्मी तिचं नाव, वर सायन्स शिकवायची. पाचवा महिना होता तिला, आणि पावलं सुजून चपलांच्या पट्ट्यांत रुतली होती. बाईंना बघून ती घाईघाईने उठायला लागली.

"बैठो अम्मा, बैठो," बाई म्हणाल्या. "उठतीस कायको?"

"केदार सर देखे तो बोलते मॅडम. सीढी पे बैठना नै."

विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, तो घरी बसून. घर हिच्या नोकरीवर. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती, दिवसभर अशी उभी राहिलीस तर मी तुला पलंगावरच झोपवीन. आणि पलंगावर झोपली की नोकरी गेली. "पाँव का इलाज है मॅडम, नौकरी का नै," ती म्हणाली, आणि घंटा झाली तशी कठडा धरून वर गेली.

बाई खाली आल्या त्या डबा न उघडताच बसून राहिल्या. माझ्या लक्षात आलं, आता हे आपल्या अंगाशी येणार. मी आधीच सांगून टाकलं की त्या पोरी आपल्या संघटनेत नाहीत आणि आपल्याच शाळेचं काही खरं नाही. बाई म्हणाल्या, "हौ, खरंय तुझं." त्यांनी माझं खरं आहे असं म्हटलं की समजावं, त्या ऐकणार नाहीत.

संघटनेची कचेरी आबिड्सच्या गल्लीत, घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर. तिथले जिल्ह्याचे कार्यवाह हणमंतराव. माणूस वाईट नव्हता, पण सरकारशी वेतनश्रेणीची बोलणी करून करून त्यांचं बोलणंही सरकारी झालं होतं. "विमलबाई, त्या पोरी आपल्या मेंबर नाहीत," ते म्हणाले. "इकडे आपल्या पगाराचं आता कुठं जमत आलंय. अशा वेळी संस्थावाल्यांशी नवं भांडण कायको घेता?"

"हणमंतराव, कडी लावली तेव्हा ती काय मेंबर बायकांपुरती लावली होती? वरच्या पोरीही तीच लावतात."

हणमंतरावांनी चष्मा काढून पुसला. "संघटनेच्या नावाने जाऊ नका, एवढंच म्हणतो. पुढं काही झालं तर मला तुमच्या मागे उभं राहता येणार नाही."

"बरं. नुसती विमल म्हणून जाते."

जिना उतरताना मला म्हणाल्या, "वकीलसाहेबांना कुठं कळणारंय, कोणती विमल आली ते." मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. त्यांच्या रिटायरमेंटला थोडाच काळ उरला होता. पेन्शनच्या कागदांवर केशवरावांची सही लागणार होती. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

केशवरावांची खोली म्हणजे जुनं हैदराबाद. भिंतीवर शेरवानीतले आबासाहेब, खाली शिसवी टेबल, समोर वेताच्या खुर्च्या. केशवराव स्वतः उर्दूत शिकलेले, अदबीत कधी कसूर नाही. आणि आबासाहेबांनी घालून दिलेला एक रिवाज त्या खोलीत कायद्याच्या वरचा होता. शिक्षक उभा असताना संस्थेच्या माणसाने बसायचं नाही. लहानपणी केशवराव एकदा बसून राहिले म्हणून आबासाहेबांनी साऱ्या मास्तरांदेखत त्यांचा कान पिळला होता. ही गोष्ट केशवराव स्वतःच दर पंधरा ऑगस्टला भाषणात सांगायचे.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. "या विमलबाई, तशरीफ ठेवा," केशवराव म्हणाले आणि बसायला लागले.

"नको वकीलसाहेब. वरच्या पोरी सकाळपासून उभ्या आहेत. मला बसवत नाही."

केशवराव तोवर अर्धे बसले होते. ते तसेच थांबले, मग हळूहळू सरळ झाले. कोपऱ्यात केदार पाय पसरून बसला होता. "केदार," वडील एवढंच म्हणाले, आणि तोही उठला. मी उभीच होते, मला कुणी बसा म्हटलंच नव्हतं.

बाईंनी हे ठरवून केलं नव्हतं, हे मी कुणापुढेही सांगीन. त्यांना खरंच बसवलं नाही. पण केशवराव उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं, तेही मी पाहिलं.

मग बोलणी सुरू झाली, चौघं चार कोपऱ्यांत खांबासारखे उभे. बाईंनी भाग्यलक्ष्मीचं सांगितलं, बाकीच्या पोरींचंही सांगितलं. केदारने हात पसरले. "बाई, यात कुणावर राग नाही. हा एफिशियन्सीचा प्रश्न आहे. उभ्या माणसाचं काम जास्त चांगलं होतं."

"केदार, सातवीत तू माझ्या वर्गात होतास," बाई म्हणाल्या. "अर्धं वर्ष तू बाकावर उभाच असायचास. तेव्हा काही फरक पडल्याचं मला आठवत नाही."

केशवरावांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. राजय्या शिपायाने चहा आणला. पण उभ्याने चहा पिणं त्या घराच्या रिवाजात बसत नव्हतं. कपांवर साय धरली, आणि विचार करतो असं सांगून केशवरावांनी आम्हाला निरोप दिला.

तेव्हापासून दर शनिवारी हे सुरू झालं. बाई जायच्या, उभ्या राहायच्या, बोलायच्या. केशवरावांना कंबरदुखी होती. ते आधी टेबलाला टेकायला लागले, मग कपाटाला, मग आबासाहेबांच्या तसबिरीखालच्या भिंतीला. एकदा त्यांनी फोनवर बोलू असा निरोप पाठवला. बाईंनी उलट निरोप पाठवला, की फोनवर उभं असलेलं माणूस दिसत नाही. एकदा ते घरी जेवायलाच बोलावून बसले. जेवायला तर बसावंच लागेल, असा त्यांचा हिशेब असावा. बाई गेल्या, उंबऱ्यात उभ्या राहून वहिनींची चौकशी केली, आणि आज एकादशी आहे म्हणून परत आल्या. त्या दिवशी एकादशी नव्हती.

प्रत्येक शनिवारनंतर बाईंना रिक्षात बसवणं हे माझं काम. गुडघे वाकायचेच नाहीत. मी चिडायचे. मला खरंच फार राग यायचा त्यांचा, कारण त्या विव्हळायच्याही नाहीत. "तुमचे गुडघे काय सरकारी आहेत?" मी एकदा ओरडले.

"एक अनुदानित, एक विनाअनुदानित," त्या म्हणाल्या. "उजवा सारखा मागण्या करतो. डावा बिचारा बोलतच नाही." अफझलगंजचा पूल येईपर्यंत त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसत होत्या. मी तोंड बाहेर वळवून बसले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास केशवराव नरमले. वकीलच ते, त्यांनी तोड काढली. भाग्यलक्ष्मीला सातवा महिना आहे, तेव्हा खास बाब म्हणून तिला एक खुर्ची मंजूर. तिच्या एकटीला, तिच्या नावाने. बाकीचा नियम होता तसाच राहील. "आता तरी बसा, विमलबाई," ते म्हणाले.

"अकरा पोरी आहेत वर, वकीलसाहेब. खुर्ची एक आहे," बाई म्हणाल्या. "मी ती घेतही नाही आणि नाकारतही नाही. जिची आहे तिला विचारते."

वाटेत मी सांगितलं, मुकाट्याने घ्या, त्या पोरीचा विचार करा. बाई जिन्याकडे वळल्या. एकीला दिली की बाकीच्यांचं दार बंद झालं, हे त्यांना इतक्या वर्षांच्या बोलण्यांतून पक्कं माहीत होतं. त्यांना मनातून वाटत होतं की भाग्यलक्ष्मीने नको म्हणावं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण जिना चढताना त्या नेहमीपेक्षा सावकाश चढत होत्या.

भाग्यलक्ष्मीने सगळं ऐकून घेतलं. खाली आपल्या पावलांकडे पाहिलं. "मेरेकू होना मॅडम," ती म्हणाली. "मैं झूट कायको बोलूँ. होना."

तिला खुर्ची हवी होती. बाईंचा चेहरा एक क्षण उतरला. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "घे अम्मा. तुझा हक्क आहे. निवांत बस."

खाली आल्यावर त्या मला म्हणाल्या, "शोभा, हरलो आपण. पण ती बसली, हे चांगलं झालं." आणि त्यांनी तेवढ्याच मायेने डबा उघडून मला लोणचं वाढलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या बाईंसारखं आपल्याला कधी होता येणार नाही. तसं वाटून वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं.

सोमवारी गच्चीवरून खुर्ची उतरवली गेली. जुनी सागवानी, हातांची, आबासाहेबांच्या काळची, वजनाला धोंडा. भाग्यलक्ष्मी पहिल्या तासाला तिच्यावर बसली. तास संपला. ती उठून दुसऱ्या वर्गात गेली, आणि तिथे खुर्ची नव्हती.

हा घोटाळा बापलेकांच्या लक्षातच आला नव्हता. शाळेत मुलं जागेवर असतात आणि शिक्षक फिरतो. केशवरावांनी खुर्ची वर्गाला द्यायची सोडून माणसाला दिली होती. माणूस तासागणिक दुसऱ्या वर्गात, मग खुर्चीही निघाली मागोमाग. सातवीच्या चार पोरांनी ती उचलली. उचलताना एकाच्या हातून सुटली, मग ती फरफटत नेली. सिमेंटच्या व्हरांड्यात सागवानी खुर्ची फरफटली की जो आवाज होतो, तो खाली केशवरावांच्या खोलीपर्यंत थेट पोहोचत होता. दर घंटेला.

पोरांना तर हे फारच आवडलं. टीचरची कुर्सी उचलायचा मान कुणाला, यावरून वर्गात पाळ्या लागल्या. पुढे एक जण "हटो, हटो" करत चालायचा, मागे खुर्ची, तिच्यामागे पोट सांभाळत भाग्यलक्ष्मी. तिचा तास नसेल तेव्हा ती खुर्ची शेजारच्या वर्गात सोडून द्यायची. तिथे नेहा शिकवायची, आमचीच जुनी विद्यार्थिनी. मग नेहा बसायची. नेहाकडून ती पुढच्या वर्गात, तिथून त्याच्या पुढच्या. मी एकदा भाग्यलक्ष्मीला विचारलं, हे तू मुद्दाम करतेस का? "नै मॅडम," ती भोळ्या चेहऱ्याने म्हणाली. "मेरी कुर्सी है बोले ना सर. मैं किसको बी बिठाती." ती भोळी होती की पक्की, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

केदारने खुर्ची फिरवायला बंदी करायचं ठरवलं. पण मग ती एकाच वर्गात राहिली असती, म्हणजे त्या वर्गाला खुर्ची मिळाली असती, आणि मंजुरी तर भाग्यलक्ष्मीच्या नावाने. मंजुरी रद्द करावी तर आठवा महिना लागत आलेला, आणि केशवराव दिलेला शब्द फिरवणारे नव्हते.

आणि तेवढ्यात प्रवेशाचे दिवस आले. एक पालक, मोठे व्यापारी असावेत, मुलीला घेऊन शाळा बघायला आले होते. केदार त्यांना कॉम्प्युटरची थंडगार खोली दाखवून बाहेर येतो तोच घंटा झाली आणि समोरून मिरवणूक निघाली. त्या गृहस्थांनी बाजूला होऊन खुर्चीला वाट दिली. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "तुमच्या शाळेत एकच खुर्ची आहे का?"

केदारने हात पसरले आणि त्यांना पुन्हा कॉम्प्युटरच्या खोलीकडे वळवलं. आठवडाभरात कोठीच्या बाजारात गोष्ट झाली. इंग्रजी शाळा म्हणे, आणि मास्तरणींना मिळून एक खुर्ची. भाजीवालीने मला विचारलं, केमिस्टने विचारलं. मी सगळ्यांना खरं तेच सांगितलं, जरा रंगवून. बाजारात नाव गेलं की नवा जमाना कुणाची गय करत नाही, हे केदार आम्हालाच सांगत आला होता.

पुढच्या शनिवारी सकाळी केदार स्वतः गच्चीवर गेला. राजय्या आणि तो, दोघांनी मिळून खुर्च्या उतरवल्या. प्रत्येक वर्गात एक ठेवली. त्याच्या पांढऱ्या शर्टाला कोळिष्टकं लागली होती. मला त्याची थोडी दया आली, पण फार नाही.

दुपारी आम्ही वकीलसाहेबांच्या खोलीत गेलो. बाई उंबऱ्यात थांबल्या आणि त्यांनी छताकडे पाहिलं. वर जादा तास चालले होते. घंटा झाली. पोरांचा गलका झाला, पण फरफटण्याचा आवाज आला नाही.

"तशरीफ ठेवा, विमलबाई," केशवराव म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता.

बाई पुढे झाल्या, खुर्चीचे हात धरले आणि बसल्या. मग केशवराव बसले. दोघांच्याही तोंडून एकदमच "आई गं" निघालं, आणि दोघांनीही ते ऐकलं नसल्यासारखं केलं. केदार बसला. मीही बसले. राजय्याने चहा आणला आणि इतक्या शनिवारांत पहिल्यांदा आम्ही तो गरम प्यालो. केशवराव आबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत म्हणाले, "बाई, अब्बांच्या रिवाजाने आमची कंबर मोडली." ते वडिलांना अब्बाच म्हणायचे.

"आणि माझे गुडघे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. मी पदर सावरला. तर बाईंनी कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "आता भाग्यलक्ष्मीच्या बाळंतपणाच्या रजेचं. मार्चमध्ये ती जाणार. जूनमध्ये तिची जागा तिला परत मिळायला पाहिजे."

केदार काहीतरी बोलायला लागला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर पंजे रोवले आणि उठण्यासाठी पुढे झुकल्या.

केशवरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी आधी बाईंच्या हातांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आबासाहेबांकडे. "बसा, बसा," ते घाईने म्हणाले. "उठू नका, विमलबाई. तिची जागा तिचीच. जूनमध्ये येऊ द्या तिला." आणि केदारला म्हणाले, "तसं आत्ता लिहून दे बाईंच्या हातात."

केदार लिहायला आपल्या खोलीत गेला. केशवराव कंबरेला हात लावून त्याच्यामागे गेले. खोलीत आम्ही दोघीच उरलो. बाई अजून तशाच पुढे झुकून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. कपाळावर घाम आला होता.

"चला ना आता," मी म्हटलं.

"शोभा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हात दे गं. मघापासून मला उठताच येत नाहीये."